खारेपाटात पेंढा गाडला, मग युरिया गेला कुठे?

बाहेरकाठा
मंडळी, या विभागात एरवी मी फक्त वाचत असतो. आज धागा काढायची वेळ आली.

आमची शेती पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या अंगाला. खारेपाट, म्हणजे खाडीकाठची खारी भातजमीन. खाचराला खाचर लागून, पलीकडे बाहेरकाठा (खाडीचं पाणी अडवणारा बांध), त्याच्या पलीकडे खारफुटी. पावसात पाणी नको म्हणायची वेळ येते आणि शिमग्यापर्यंत जमीन वर पांढरी पडते. पीक एकच, भात.

हल्ली कापणीला माणूस मिळत नाही, म्हणून मशीन बोलावतो. मशीन लोंब्या घेऊन जातं आणि पेंढा मागे पसरत जातं. पूर्वी भारे बांधायचो, उडवी रचायचो, गोठ्यात गुरं होती. आता गोठ्यात मोटारसायकल असते. त्यामुळे एका खाचरातला पेंढा तसाच राहिला आणि जूनमध्ये चिखलणी करताना ट्रॅक्टरने गाडला. शेजारच्या खाचरातला आंब्याच्या पेट्या भरणाऱ्याने उचलून नेला होता. दोन्हीकडे बियाणं पनवेल ३, लावणी एकाच वेळी, खत सारखं.

तीनेक आठवड्यांनी पेंढा गाडलेलं खाचर पिवळं, दुसरं बऱ्यापैकी हिरवं. खतवाला म्हणाला, "नत्र कमी पडलाय, अजून एक गोण मारा." मारली. थोडे दिवस तजेला आला, परत तेच. आणि गंमत म्हणजे मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र 'मध्यम' लिहिलाय!

सगळे सांगतात पेंढा जाळू नका, जमिनीत घाला, सेंद्रिय कर्ब वाढेल. मग घातला तर असं का? खारजमिनीत पेंढ्याचं गणित वेगळं असतं का?

भातखाचर
वेगळंच असतं. आमच्या वाडवडिलांनी पेंढा कधी शेतात गाडला नाही. गुरांना घातला, शेण शेतात आलं. पेंढ्याचं खत गाईच्या पोटात होतं, जमिनीच्या पोटात नाही.

जिताडा
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा तळं खणा आणि जिताडा (खाडीचा मासा) सोडा. नत्राचा प्रश्न मिटला, पाहुण्यांचाही.

बाहेरकाठा
जिताडेभाऊ, तळ्यासाठी कुणी खारं पाणी आत घेतलं की शेजाऱ्याचं भात जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मृद्गंध
चांगला धागा. उत्तर देण्याआधी तीन प्रश्न. पिवळी कोणती पानं पडली, खालची की वरची? पत्रिकेत पीएच आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे मिठाचं माप) किती आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोप उपटून मुळं बघितलीत का?

बाहेरकाठा
ताई, पीएच ७.९, ईसी १.६. पानं खालची आधी पिवळी, नंतर सगळंच निस्तेज. मुळं बघितली होती. काळी होती, चिखलाला कुजक्या अंड्याचा वास. चिखलात पाय घातला की बुडबुडे यायचे.

मृद्गंध
वाटलंच होतं. तुमच्या खाचरात एकाच वेळी तीन भानगडी चालल्यात. सवडीने लिहिते, लांबेल.

आधी ईसी. पत्रिकेतला १.६ हा आकडा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून मोजलेला असतो. भाताला किती मीठ सोसतं याचे पुस्तकी आकडे संपृक्त (पाण्याने नुकत्याच तुडुंब भिजवलेल्या) मातीच्या अर्कावरचे असतात. तुमच्यासारख्या चिकण मातीत तो आकडा साधारण तिप्पट-चौपट धरा. म्हणजे पाच-सहा डेसीसायमन (दर मीटरला, हे ईसीचं एकक). चारच्या वर गेली की जमीन खारी समजतात आणि भाताचं उत्पन्न तीननंतर घसरायला लागतं, दर एका डेसीसायमनला साधारण १२ टक्के. अर्थात नमुना मे महिन्यात काढला असेल तर हा वर्षातला सगळ्यात वाईट आकडा. जुलैत पाऊस धुऊन नेतो.

आता नत्र. पत्रिकेतला 'उपलब्ध नत्र' प्रयोगशाळेत तिखट रसायनाने उकळून काढतात किंवा सेंद्रिय कर्बावरून अंदाजाने लिहितात. हेक्टरी २८० किलोच्या खाली कमी, २८० ते ५६० मध्यम. पण हा साठा आहे, रोपाच्या हातात पडणारी रक्कम नाही. साठ्यातला नत्र मोकळा करायचं काम जिवाणूंचं, आणि खारट पाण्यात त्यांचेच हाल होतात. बाहेर मीठ जास्त असलं की पेशीतलं पाणी टिकवण्यासाठी त्यांना आत वेगळे पदार्थ बनवून साठवावे लागतात. त्यातले बरेचसे नत्रयुक्त असतात. म्हणजे कामगार कमी, आणि जे आहेत ते आपलाच पगार आधी कापून घेतात.

सगळे जिवाणू सारखे नाजूक नसतात. सेंद्रिय पदार्थातून अमोनियम काढणारे बरेच टिकाव धरतात. अमोनियमचं नायट्रेट करणारे मात्र मिठाला लवकर हात टेकतात. त्यामुळे खारजमिनीत अमोनियम साचतं. भाताला अमोनियम चालतं, तेव्हा हे बरंच वाटेल. पण त्याला धरून ठेवायला चिकणमातीच्या कणांवर जागा लागते आणि तुमच्याकडे ती जागा सोडियमने अडवलेली. मग अमोनियम वरच्या पाण्यात राहतं. दुपारी खाचरातलं शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा पीएच नऊपर्यंतही चढतो आणि अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडतो. तुमची ती जादा गोण अशी बरीचशी हवेत गेली. ४५ किलोच्या गोणीत नत्र असतो २०.७ किलो, त्यातला किती मुळाशी पोचला देव जाणे.

पेंढ्याचं रात्री लिहिते.

चारसूत्री
वाखु (वाचनखूण) साठवली. ताई, रात्रीची वाट बघतोय.

मालवणी_माणूस
पेंढो शेतात गाडलास तर गुरां काय खातली? आमच्याकडे गवताचो भाव काय झालो हा, म्हायती आसा ना?

बाहेरकाठा
भाऊ, इथे खाणारी गुरंच उरली नाहीत. आहेत ती मोकाट आणि दुसऱ्यांची.

मृद्गंध
तर पेंढा. हिशोब करून दाखवते, कारण 'पेंढा नत्र खातो' हे सगळे म्हणतात, किती खातो ते कुणी सांगत नाही.

एक टन सुका पेंढा घ्या. त्यात कार्बन साधारण ४०० किलो, नत्र जेमतेम ६ किलो. गुणोत्तर झालं साधारण ६७ ला १. जिवाणू तो कुजवताना समजा कार्बनचा चाळीस टक्के भाग स्वतःच्या अंगाला लावतात, म्हणजे १६० किलो. जिवाणूच्या अंगात आठ भाग कार्बनला एक भाग नत्र लागतो, म्हणून त्यांना हवा २० किलो. पेंढ्यात आहे ६. उरलेले १४ किलो ते जमिनीतून, म्हणजे तुमच्या युरियातून उचलणार. पेंढा एका हंगामात पूर्ण कुजत नाही, आणि पाण्याखाली, प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू कार्बन अंगाला कमी लावतात, त्यामुळे प्रत्यक्षात ओढ याहून कमी असते. पण मशीन गेल्यावर एकरी टन-दीड टन पेंढा सहज मागे राहतो. लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात, नेमकं फुटवे धरायच्या वेळी, ही ओढ बसली की खालची पानं पिवळी पडणारच.

हा नत्र हरवत नाही. जिवाणू मेले की परत सुटतो. गोड्या जमिनीत पेंढा वेळेत गाडला असेल तर फुटवे संपता संपता सुटायला लागतो. खाऱ्या जमिनीत कुजणंच मंद, त्यामुळे सुटणंही उशिरा. भात पोटरीत आला (लोंबी पानाच्या पोटात भरली) तरी वसुली सुरूच असते. उशिरा सुटलेला नत्र दाण्याला फारसा कामाचा नाही, पान माजवतो आणि रोग बोलावतो.

तिसरी भानगड मुळांची. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर सल्फेट भरपूर. खाचरात पाणी उभं राहिलं आणि आत ताजा पेंढा असला की जिवाणूंना खायला मिळतं, श्वासाला प्राणवायू मिळत नाही. मग काही जिवाणू सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तोच तुमचा अंड्याचा वास. लोहाशी जमून त्याचा काळा थर मुळांवर बसतो. हे काळं मूळ नत्र समोर असला तरी उचलू शकत नाही. म्हणून दुसऱ्या गोणीनेही काही हाती लागलं नाही.

भातखाचर
ताईंनी शास्त्र सांगितलं ते पटलं. पण मग आमचा राब बरा की नाही? पाला, शेण, गवत जाळायचं, त्यावर रोप टाकायचं. आवण (रोपवाटिका) कसं काळंभोर यायचं!

मृद्गंध
काका, राब आणि शेतभर पेंढा जाळणं या वेगळ्या गोष्टी. राबात उष्णता वरच्या बोटभर मातीला लागते, तणाचं बी मरतं, बरेच जिवाणूही मरतात आणि त्यांच्या अंगातला नत्र अमोनियम होऊन रोपाला मिळतो. आवण काळंभोर होतं ते यामुळे. जो पाला जळतो त्यातला नत्र मात्र धुरात जातो. चार गुंठ्यांच्या आवणाला हा खर्च परवडायचा, कारण पाला फुकटचा होता. पूर्ण शेताचा पेंढा जाळला तर टनामागचे पाच-सहा किलो नत्र गेले आणि राखेत राहिलं पालाश (पोटॅश). ते पालाश तर पेंढा पावसात नुसता भिजला तरी सुटतं. काडी लावायची गरजच नाही. आणि खाऱ्या जमिनीत पालाश मोलाचं, सोडियमच्या जोडीला रोपाच्या मुळाशी तेच झगडतं.

चारसूत्री
मी माणगावकडचा, आमची जमीन गोडी. पण डॉ. ना. कृ. सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीत पहिलंच सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर आहे. पेंढा पहिल्या नांगरणीला, हेक्टरी दोन टन. दुसरं सूत्र गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडिया) हिरवी पानं, तीन टन. तिसरं जोडओळीची लावणी, चौथं युरिया-डीएपीच्या गोळ्या. लोक चौथं तेवढं उचलतात आणि पहिली दोन सोडतात. पेंढ्याबरोबर गिरीपुष्प का सांगितलंय ते आज ताईंच्या हिशोबावरून डोक्यात शिरलं.

मृद्गंध
बरोबर. गिरीपुष्पाच्या सुक्या पानात नत्र तीन-साडेतीन टक्के, पेंढ्याच्या पाचपट. पान कोवळं, आठ-पंधरा दिवसांत विरघळतं. पेंढ्यामुळे जी ओढ बसते ती हा पाला भरून काढतो. खाऱ्या मातीत तर दुहेरी फायदा. मिठाने गांजलेल्या जिवाणूंना सहज पचणारं खाणं मिळालं की ते बऱ्याच अंशी सावरतात. नुसता पेंढा त्यांच्यापुढे टाकणं म्हणजे आजारी माणसाला चकल्या वाढणं.

बाहेरकाठा
गिरीपुष्प बाहेरकाठ्यावर लावू का? बांध मोकळाच पडलाय.

उघाडी
बाहेरकाठ्यावर नको. खारा वारा, खारी माती, खुंट धरणार नाही. धरलाच तर मुळांच्या बाजूने पाणी पाझरेल आणि उधाणाला खांड (बांधाला भगदाड) पडेल. घराच्या वईला (कुंपणाला), वरकसावर (उंचावरच्या जमिनीवर) लावा. फक्त पाला शेतापर्यंत वाहून न्यायचा आहे हे लक्षात ठेवा. ओला तीन टन म्हणजे टेम्पोच्या खेपा.

आणि नत्राआधी बांधाचं बघा. मी खारेपाटातलाच. पूर्वी जोळ (बांध राखायची गावकऱ्यांची सामाईक व्यवस्था) होती, घरटी माणूस बांधावर जायचा, खांड पडली तर रात्रीतून बुजवायचा. १९४८चा खार जमिनीचा कायदा आला, मग १९७९चा खारभूमी विकास कायदा. बांध बऱ्याच ठिकाणी सरकारी योजनेत गेले आणि आपण हात झटकले. एक उधाण आत आलं तर पुढची दोन-तीन वर्षं ताईंचे सगळे हिशोब खाडीत. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) फळी गळत असेल तर आधी ती बसवा, मग युरियाच्या गोष्टी.

मृद्गंध
उघाडीदादांना +१. उघाडीवरून महत्त्वाचं आठवलं. पहिल्या पावसाचं पाणी तुम्ही खाचरात कोंडून मग उघाडीतून खाडीत सोडता ना? मीठ धुण्याची ती रीत योग्यच आहे. पण त्या पाण्याबरोबर उन्हाळ्यात जमिनीत थोडंफार तयार झालेलं नायट्रेटही जातं. उरलेलं नायट्रेट, पाणी साचल्यावर, वायू होऊन उडतं. म्हणून धुणं पुरं व्हायच्या आत नत्राचा एक दाणाही टाकायचा नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दोन-तीन वेळा पाणी बदललं की वरची वीतभर माती बरीच सुधारते.

भातखाचर
आमच्याकडे खालच्या खाचरांत लावणी नाही, रहू टाकतात. मोड आलेलं बी चिखलावर फेकायचं. तिथे गोळी खत कसं घालायचं?

चारसूत्री
तिथे नाही जमत काका. गोळीला चार चुडांचा (रोपांच्या जुडग्यांचा) चौकोन लागतो. आलटून पालटून १५ आणि २५ सेंटीमीटर अंतराच्या जोडओळीत दर चौकोनाच्या मधोमध एक गोळी, सात ते दहा सेंटीमीटर खोल. २.७ ग्रॅमची गोळी, गुंठ्याला ६३० च्या आसपास, म्हणजे १.७ किलो. हेक्टरी १७० किलो. लावणीच्या दिवशीच घालायची, चिखल मऊ असतो, अंगठ्याने दाबली की भोक आपोआप बुजतं. दोन दिवस गेले की चिखल बसतो आणि भोक उघडं राहतं. बायका कुरकुरतात, कारण वाकून लावायचं आणि परत वाकून दाबायचं. जादा मजुरी धरा.

बाहेरकाठा
खाऱ्या चिखलात गोळी चालते का?

मृद्गंध
उलट जास्त चालते. खाली प्राणवायू नाही म्हणून अमोनियमचं नायट्रेट होत नाही. वरच्या पाण्यापर्यंत फारसं पोचत नाही म्हणून दुपारी उडतही नाही. आणि पेंढ्यावरच्या जिवाणूंचा पसारा सगळ्या चिखलात विखुरलेला असतो, एका जागी घट्ट बसलेल्या गोळीपर्यंत त्यांचा हात कमी पोचतो. मूळ मात्र शोधत येतं. अट एकच, मूळ जिवंत हवं. काळं पडलेलं मूळ गोळीशेजारी उपाशी मरेल.

रहूच्या खाचरांना युरिया फेकूनच द्यावा लागेल. तो तीन हप्त्यांत द्या. पहिला रोप जरा धरल्यावर, नंतर फुटव्याला, शेवटचा पोटरीआधी. टाकण्याआधी पाणी उतरवून पातळ थर ठेवा, संध्याकाळी टाका, दुसऱ्या दिवशी पाणी परत घ्या. भर दुपारी उभ्या पाण्यात फेकू नका.

गोडेपाणी
मी विदर्भातली, कुतूहल म्हणून वाचतेय. आमच्याकडे मुळं काळी पडली की बांधी चार दिवस सुकवतात. तुम्ही का नाही सुकवत?

मृद्गंध
चांगला प्रश्न. खारेपाटात खाचर सुकलं की खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि मीठ मुळाशी आणतं. एक दुखणं घालवायला दुसरं. म्हणून इथे सुकवायचं नाही, पाणी बदलायचं. पावसाची झड लागलेली असताना जुनं पाणी उघाडीतून काढायचं आणि आभाळातलं नवीन भरू द्यायचं. वास कमी होतो, मीठही थोडं जातं. हे युरिया टाकण्याआधी करा, टाकून झाल्यावर केलंत तर खत खाडीतल्या खेकड्यांना.

बाहेरकाठा
मग मुद्द्याचं सांगा. पुढच्या साली पेंढ्याचं करू काय? विकू, जाळू, की गाडू?

मृद्गंध
गाडा, पण जूनमध्ये चिखलणीला नाही. कापणी होते तेव्हा तुमच्या चिकणमातीत ओल असते. वापसा आला की लगेच हलकी नांगरट करा, धसकटं उलटी होतील आणि मातीची छिद्रं तुटतील. उशीर केलात तर जमीन दगड होते, फाळ घुसत नाही. आणि मशीनने पसरलेल्या पेंढ्यापैकी निम्मा वरच राहू द्या, अंथरल्यासारखा.

हा वरचा पेंढा उन्हाळाभर कुजणार फार थोडा. त्याचं काम वेगळंच आहे. झाकलेल्या जमिनीतून पाणी कमी उडतं, आणि पाणी कमी उडालं की खालचं मीठही कमी चढतं. तुमची पांढरी पडणारी खाचरं याने कमी पांढरी पडतील. जूनमध्ये मीठ कमी असेल तर धुवायला कमी पाणी लागेल, जिवाणू लवकर उठतील, नत्र लवकर मोकळा होईल. माझ्या मते खारेपाटात पेंढ्याचा खरा उपयोग हाच. नत्राचं खत म्हणून त्याच्याकडे बघूच नका, तेवढा नत्र त्यात नाही. मिठावरचं झाकण म्हणून बघा.

आत गेलेला निम्मा डिसेंबर-जानेवारीपर्यंत हवेशीर कुजेल. तेव्हा शेतात पीक नसतं, त्याला लागेल तेवढा नत्र घेऊ दे, कुणाच्या तोंडचा घास जात नाही. जूनमध्ये त्याच्यातलं चकलीपण गेलेलं असेल.

भातखाचर
आणि मोकाट गुरं? कापणी झाली की सगळा खारेपाट चरायला मोकळा. तुमचं झाकण पौषात फस्त.

उघाडी
हे मात्र खरं. एकट्याने करून भागायचं नाही, आजूबाजूच्या आठ-दहा जणांनी मिळून राखण ठेवली तरच. जोळीचं नाव काढलं की आता हसतात, पण राखणीला तरी लोक येतील.

मालवणी_माणूस
राखणीपेक्षा पेंढो माका विका. टेम्पो धाडतंय.

बाहेरकाठा
मालवणीभाऊ, अर्धा तुमचा. तेवढीच नांगरटीची मजुरी सुटेल.

आणखी एक. खतवाला आता जिप्सम टाका म्हणतोय. टाकू?

मृद्गंध
पीएच साडेआठच्या वर असता तर विचार केला असता. जिप्सम चोपण (सोडियमने घट्ट झालेल्या) जमिनीचं औषध. तुमची जमीन समुद्राच्या मिठाची, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतं, पाऊस पुरतो. ते पैसे उघाडीच्या फळीला घाला. मात्र लावणीनंतर दोन-चार आठवड्यांनी पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके दिसले तर जस्ताकडे बघा. पाणी उभं, पीएच आठजवळ आणि वर ताजा पेंढा, म्हणजे जस्त अडकायला लागणारं सगळं तुमच्याकडे आहे.

आणि नमुने परत काढा. दोन्ही खाचरांचे वेगवेगळे, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत मीठ धुऊन झाल्यावर. वरच्या पंधरा सेंटीमीटरचे. पिशवी खताची वापरू नका, नवी घ्या. चिठ्ठीवर पेंढा होता की नव्हता ते लिहा.

बाहेरकाठा
काढतो. जुलैचे आकडे आले की इथेच टाकतो.

चारसूत्री
गिरीपुष्पाचे खुंट हवे असतील तर माझ्याकडे वईला भरपूर आहेत. पावसाच्या तोंडाला या, तोडून ठेवतो. फोन नंबर इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.